उरकुडाची दाढी

नातवाचं जावळ लाखांदूरच्या न्हाव्याने काढलं.
मी, कवडू, बेचाळीस वर्षं
गावाच्या गळ्यावरून वस्तरा फिरवलेला,
मांडवात टॉवेल धरून उभा.
कोणी काही बोललं नाही.
सुनेने तर ताटात दोन लाडू जास्तच वाढले.
परक्याचा हात लेकराच्या टाळूवरून
पाण्यासारखा उतरत होता
आणि माझा, खिशात घातलेला,
खिशातही गप बसत नव्हता.

त्या रात्री प्यालो. खोटं कशाला सांगू.
त्याच्या दुसऱ्या रात्रीही.
कळणं आणि सुटणं यांच्यामध्ये
माझे दोन पावसाळे गेले.

मग साकोलीचा दवाखाना, आठ दिवस सलाइन.
पोरसवदा डॉक्टरने पोटावर बोटं ठोकली,
म्हणाला, काका, अजून वेळ आहे.
वेळच तर होता.
दुकानात गिऱ्हाईक नव्हतं.
आरसा, मी, रिकामी खुर्ची,
आणि रेडिओवर धानाचे भाव.

तिसऱ्या दिवशी, लाइट यायच्या आधी,
उरकुडा मेश्राम, रिटायर पोस्टमन,
सायकल भिंतीला टेकवून आत आला, बसला.
"कर दाढी."
माझे हात पाहिलेस का, म्हटलं.
"पायले. म्हनून तं आलो."
अन् मान मागे टाकली.

अकरा वर्षांपूर्वी हाच उरकुडा
भरल्या ग्लासावरून उठून गेला होता आमच्यातून.
आम्ही हसलो होतो.
त्याच्या वाटणीची मीच प्यालो होतो.

तीन ठिकाणी कापलं त्या दिवशी.
तुरटी फिरवली, त्याने स्ससुद्धा केलं नाही.
आरशाखाली पैसे ठेवले. "उद्या येतो."
एका रात्रीत उगवते का रे तुझी दाढी?
"नाही उगवली तं नुसता साबन लावजो."

आला.
पोळा झाला, मारबत झाली,
धान कापून बांध्या उघड्या पडल्या,
थंडीत पाणी कोमट करून ठेवू लागलो मी त्याच्यासाठी.
उपदेश एका शब्दाचा नाही.
फक्त एकदा, पाते घाटीवर असताना,
बोलू नये अशा वेळी बोलला:
"चौथ्या वर्षी पडलो होतो मी. नागपूरले, लग्नात.
घरी मालूम नाही अजून."
मी श्वास धरला, पाते उचललं,
पुसलं, आणि दुसरी बाजू घेतली.

घरी पूर्णा अजून पैसे
तांदळाच्या कोठीत लपवते.
मला ठाऊक आहे. मला ठाऊक आहे हेही तिला ठाऊक आहे.
जागा मात्र बदलत नाही आता.
याचा अर्थ काय लावायचा, मी विचारलेलं नाही.

आता चैत लागला.
झुंजुरका बाया टोपल्या घेऊन निघतात,
मोहाखाली जमीन पिवळी, ओली,
आणि वास असा
की दाराला कडी लावली तरी
आत आपल्याआधी येऊन बसलेला.
काल घसा कोरडा पडला, पार खालपर्यंत.
उरकुडाच्या गालाला फेस लावून
मी ब्रश धरून नुसताच उभा.
तो आरशातून पाहत होता.
"येते वास?"
येते.
"मलेही येते."
आणि डोळे मिटून बसून राहिला.
फेस वाळला गालावर. बसूनच होता.
मग मी पुन्हा साबण घोटला.

नातू अंगणवाडीतून थेट दुकानात येतो,
पाटी टाकतो, खुर्चीवर चढतो.
आबाजी, माझी कटिंग.
काल कैची उचलली. हात बरा होता.
खाली ठेवली.
मोहफुलं सरू दे रे बाप्पा, म्हटलं, मग.
त्याला काय कळणार.
पाय हलवत
तो खुर्ची गरगर फिरवत बसला.